रुमाल टाकून धरलेली जागा

परवा कोल्हारच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून एक रुमाल भिरभिरत आला आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटवर पडला. पावडरीचा आणि घामाचा तो वास आला मात्र, मी पन्नाशीची बाई एकदम सात वर्षांची झाले!

नाताळची सकाळ होती. नगरच्या चर्चला जायला आमची सगळी मंडळी याच स्टँडवर लोटली होती. गाडी थांबायच्या आत आईनं मला उचललं आणि खिडकीतून रुमाल टाकायला लावला. तो बरोबर सीटवर पडला! आम्ही घुसलो, बसलो. मी तर राणीच. आदल्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले होते, स्वर्गात देवबापाच्या घरी पुष्कळ जागा आहेत. मी आईला विचारलं, "तिथं बी आधी रुमाल टाकावा लागंल का गं?"

आई हसत होती, तेवढ्यात तान्हं बाळ घेऊन ऊसतोडीची एक बाई धडपडत आमच्याजवळ आली. आईनं मला कोपरानं ढोसलं. "सरक. तिथं रुमाल न्हाई लागत, बाय. तिथं समदे सरकत्यात."

दोघांच्या बाकावर आम्ही चौघं! बाळाची उबदार टाच माझ्या मांडीवर, आणि मागे ढोलकीवर भजन सुरू. स्वर्ग आभाळात असतो म्हणतात. मला तो राहुरीच्या अलीकडेच लागला होता.

परवाच्या रुमालाची मालकीण धापा टाकत वर आली. तिच्यामागे तिची म्हातारी आई होती. "एकच जागा धरलीय," ती ओशाळून म्हणाली.

मी खिडकीला चिकटले. "या दोघीही. मी सरकते ना!"