मॅडमनी सांगितल्याप्रमाणे

खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत नीलकंठ रामटेके तीस वर्षं बारूद भरायच्या कामावर. तिथं भिंतीवर लिहिलंय तेवढंच करायचं, आणि लिहिलेलं नसेल तर हात बांधून साहेबाची वाट पाहायची. स्वतःचं डोकं चालवणारा माणूस तिथं धोक्याचा. नीलकंठनं कधी चालवलं नाही, म्हणून त्याची दहाही बोटं शाबूत होती. पण फॅक्टरीत मान खाली घालून वावरणारा हा गरीब माणूस घरी आला की वाघ व्हायचा. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून एका संध्याकाळी त्यानं भरलं ताट भिंतीवर फेकलं, तेही बायकोच्या भावासमोर. हेमलतानं भिंत पुसली आणि दुसऱ्या दिवशी त्या भावासोबत, बंडूसोबत, नागपूरला आईकडे निघून गेली.

मग या वाघाचे डोळे उघडले. शिफ्ट सुटून गेटवर जमा केलेला मोबाइल हातात यायचा अवकाश, हा फोन लावत सुटायचा. दिवसाला वीस-वीस फोन. कधी रडायचं, कधी धमकावायचं. शेवटी बंगलोरला नोकरी करणाऱ्या पोरीनं, बेबीनं, पुण्याच्या एका समुपदेशक मॅडमशी त्याची गाठ घालून दिली. दर गुरुवारी संध्याकाळी सातला, मोबाइलवर.

"बाबा, ये तो करना पडेगा," बेबीनं बजावलं. "नाही तर आई परत येणार नाही."

पहिल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलपुढे ताठ बसला. राग आला की शरीरात कुठे जाणवतो, असं मॅडमनी मऊ आवाजात विचारलं.

"राग तं डोक्यातच येते न मॅडम, अजून कुठं येईन?"

मॅडम हसल्या. पण बाई कामाची पक्की होती. चार-पाच गुरुवारांत तिनं त्याला बोलतं केलं. लहानपणी घमापूरच्या खोलीत आपला बापही असाच ताट भिरकावायचा आणि माय खाली बसून भात वेचायची, हे त्यानं जन्मात पहिल्यांदा तोंडानं सांगितलं आणि ढसाढसा रडला. मग मॅडम म्हणाल्या, "आता एक करा. तुमच्या फोनचा हेमलताताईंना धाक बसलाय. त्या स्वतःहून फोन करेपर्यंत तुम्ही फोन करायचा नाही, नागपूरला जायचं नाही."

नीलकंठनं ते वहीत उतरवून घेतलं, खाली रेघ मारली. आणि पाळलं. वरण लावायला शिकला, झोपू लागला, शेजारच्या विठोबाशी हसून बोलू लागला. तीन आठवड्यांनी बेबीचा फोन आला. आई म्हणत होती, महिनाभर असेच राहिले तर येईन म्हणा. नीलकंठ त्या दिवशी घरभर नुसता येरझारा घालत राहिला. त्यानं हेमलताची खाट उन्हात टाकली, चादरी धुतल्या.

आणि सोमवारी सकाळी बंडूचा फोन आला. "भाऊजी, आई गेली."

शेवंताबाई. ह्याच सासूनं लग्नात त्याला स्वतःच्या हातानं भरवलं होतं. नीलकंठनं कपाटातून पांढरा शर्ट काढला, बॅग भरली, चपला घातल्या. सिवनीवरून जाणारी बस, संध्याकाळच्या आत नागपूर. दाराशी पोचला आणि थबकला. फोन बंडूचा होता, हेमलताचा नव्हता. त्यानं परत येऊन वही उघडली. मयतीचं त्यात काही लिहिलेलं नव्हतं. त्यानं मॅडमना निरोप टाकला. उत्तर आपोआप आलं, पुढची भेट गुरुवारी सात वाजता. मग हा शहाणा बॅग पायाशी ठेवून खुर्चीवर बसला. बेबी विमानानं परस्पर नागपूरला पोचली, तिनं दहा वेळा फोन केला. हा म्हणाला, "विचारून सांगतो." काय म्हणावं अशा माणसाला! सगळं आयुष्य ज्या सवयीनं वाचवलं, तीच आता त्याच्या मुळावर उठली होती, आणि त्याला वाटत होतं आपण बायकोला जपतो आहोत.

गुरुवारी हे ऐकून मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो नीलकंठजी, तुम्ही जायला हवं होतं. ते रोजच्या फोनांपुरतं होतं."

"तुम्ही तसं सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"आत्ता निघा. उद्या तरी पोचा."

शुक्रवारी दुपारी तो पोचला तेव्हा सासूच्या पुण्यानुमोदनाची बुद्धवंदना आटोपून पंगत बसली होती. हेमलतानं इतरांसारखंच त्यालाही वाढलं. जेवण झाल्यावर ती मागच्या अंगणात भांडी विसळत होती, तिथं तो जाऊन उभा राहिला.

"आईले नेईपर्यंत मी दाराकडं पाहून राहिली होती," ती वर न बघता म्हणाली. "बंडू म्हणे, थांबू थोडं, भाऊजी येतीन. आता तुमाले कोणी सांगितलं याले?"

खोटं बोलता आलं असतं. पण ते त्याला कधी जमलंच नव्हतं. "मॅडमनं."

हेमलताचा हात थांबला. "तीस वर्षं तुमी मले एक गोष्ट विचारली नाही. कुठं राहू, काय घेऊ, पोरीले कुठं शिकवू. आता विचाराले शिकले, तं तेही दुसऱ्याच बाईले."

तिनं हात धुतले, पदराला पुसले.

"माझे कपडे पाठवून द्याल," ती म्हणाली. "कपाटातले सगळे."

"कधी पाठवू?" नीलकंठनं विचारलं. "तूच सांग."

"याच हप्त्यात," हेमलता म्हणाली आणि भांडी उचलून आत गेली.