बी-कॉम्प्लेक्सची बाटली

"काकू, जुलाबाची गोळी द्या. तापाची पण. आईला सकाळपासून सात-आठ वेळा झालंय."

नितीन काउंटरवर बोटं वाजवत उभा होता. बाहेर बाईक चालूच. वारज्यात माझं मेडिकलचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. नितीनचं घर मागच्याच गल्लीत.

"बाहेरचं काही खाल्लं का?"

"नाही हो. घाम फुटलाय नुसता. हात थरथरतायत. एका जागी बसत नाही, घरभर फेऱ्या मारतेय."

जुलाबानं माणूस आडवा होतो. फेऱ्या मारत नाही. मी हातातली स्ट्रिप खाली ठेवली.

"नवीन औषध काही सुरू केलं?"

"काल आईचा गुडघा दाखवला. ही दिली." त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. ट्रामाडॉल, दुखण्यावरची जोरदार गोळी. "डॉक्टरांनी विचारलं, बाकी काय चालू आहे. म्हटलं, काही नाही, फक्त ताकदीची."

"कसली ताकदीची?"

"अहो, शलाका तुमच्याकडून नेते ती. बी-कॉम्प्लेक्स. आठवडा झाला, आई पण त्यातलीच घेतेय."

त्या बाटलीत बी-कॉम्प्लेक्स नव्हतंच. एस्सिटालोप्राम होतं, डिप्रेशनवरची गोळी. आणि ती त्या बाटलीत मीच भरली होती.

शलाका म्हणजे नितीनची बायको. माहेर अमरावतीचं, नोकरी हिंजवडीत. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली. डोळे खोल गेलेले. म्हणाली, "काकू, घरी कळलं तर मला वेडी ठरवतील. स्ट्रिपवरचं नाव कुणीही मोबाईलवर शोधतं." मला दया आली. बी-कॉम्प्लेक्सची एक रिकामी बाटली होती. स्ट्रिपा फोडल्या, गोळ्या तिच्यात भरल्या. आयडिया माझीच. अतिशहाणपणा म्हणतात तो हाच.

बाकी सगळं मी तिला नीट सांगितलं होतं. पहिले दोन-तीन आठवडे फरक जाणवणार नाही, कदाचित मळमळेल, म्हणून सोडायची नाही. अस्वस्थपणा वाढला किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. फक्त बाटलीवरचं लेबल तेवढं खोटं.

ही गोळी काय करते, ते सोप्या भाषेत सांगते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. त्यातला एक निरोप्या सेरोटोनिन. निरोप दिला की पाठवणारी पेशी त्याला लगेच परत आत ओढून घेते. गोळी हे ओढून घेणं कमी करते, म्हणजे निरोप्या दारात जरा जास्त वेळ थांबतो. आनंद बिनंद काही ही गोळी आणत नाही. मनाला सावरायला वेळ देते, आणि तेही हळूहळू. ट्रामाडॉलही थोडंफार हेच काम करतं. दोन्ही एकत्र पोटात गेली तर सेरोटोनिन वाजवीपेक्षा साठू शकतं. मग घाम, थरथर, जुलाब, ताप, अस्वस्थपणा. वाढलं तर जिवावर बेततं.

सगळी लक्षणं नितीननं आत्ताच मोजून दाखवली होती.

आता सांगायचं तर शलाकाचं गुपित फुटणार. नाही सांगायचं तर नितीनच्या आईला, सुमनबाईंना, गॅस्ट्रोची सलाईन लागणार आणि ट्रामाडॉल चालूच राहणार. मी आतल्या खोलीत जाऊन शलाकाला फोन लावला. ती कंपनीच्या बसमध्ये होती. दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"काकू, स्पीकरवर टाका. मीच सांगते."

काउंटरवर येऊन टाकला.

"नितीन, ती ताकदीची गोळी नाहीये. मी डिप्रेशनची गोळी घेते. चार महिने झाले. आईंना लगेच हॉस्पिटलमध्ये ने. मी उतरते आणि रिक्षानं येते."

नितीनचा चेहरा उतरला. मग एकदम चिडला. "ती बाटलीच फेकून देतो आधी!"

"फेकायची नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांना दाखवायची. आईंना ही आणि गुडघ्याची, दोन्हींतली एकही गोळी आता द्यायची नाही, डॉक्टर सांगेपर्यंत. आणि शलाकाची बंद करायची नाही. एकदम तोडली की चक्कर येते, झोप उडते, दुखणं उलटतं. ती डॉक्टरच कमी करत आणतात. चिडायचं असेल तर माझ्यावर चीड. पण नंतर."

दोन्ही गोळ्यांची खरी नावं, किती आणि कधीपासून, सगळं कागदावर लिहून दिलं.

सुमनबाई दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. वाचल्या. "कागद हातात होता म्हणून वेळ गेला नाही," असं तिथले डॉक्टर म्हणाले. नितीननं ते मला येऊन सांगितलं, पण नजरेला नजर दिली नाही.

दहा-बारा दिवसांनी सुमनबाई आणि शलाका दोघी दुकानात आल्या. सुमनबाईंनी ती रिकामी बाटली काउंटरवर ठेवली.

"बाई, माझं चुकलं," मी म्हटलं.

"चुकलंच," त्या म्हणाल्या. वारज्याच्या जुन्या शेतकरी घरातली बाई, आडपडदा नाही.

"पण तुम्ही सुनेची गोळी घेतलीत कशाला?" मी विचारलं.

त्यांनी शलाकाकडे बोट केलं. "ही पोरगी सकाळी गुणगुणत डबा भराया लागली. म्हनलं, या गोळीत कायतरी हाय. मालक गेल्यापासनं मला सकाळी उठूच वाटत नाय, ताई. नुसतं भिताडाकडं बघत बसते. म्हनलं, मलाबी बरं वाटंल."

शलाका त्यांच्याकडे वळली. "आई, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू तरी कुठं बोललीस?"

मी उगाच बिलबुक चाळत बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते गिऱ्हाइकासमोर नको.

पुढच्या आठवड्यात शलाका त्यांना आपल्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली. आता घरात दोन चिठ्ठ्या आहेत, दोन स्ट्रिपा, दोन्हींवर नाव शाबूत. लपवायचंय म्हणून कुणी रिकामी बाटली मागितली, की मी नाही म्हणते. माणसं रागावतात, दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत. औषधाचं नाव लपवलं की ते भलत्याच माणसाच्या पोटात जातं, हे फार्मसीच्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट लिहावी लागेल, असं ते पुस्तक लिहिणाऱ्यांना वाटलं नसावं.