दुसऱ्यांदा शोधलेलं नाव

सोलापुरातल्या आमच्या दवाखान्यात पेशंटचा जुना रेकॉर्ड उघडायला कॉम्प्युटरला पाच-पाच मिनिटं लागायची. म्हणून पुण्याहून डेटाबेसचा एक तज्ज्ञ बोलावला. त्याचं नाव मला आठवत नाही. आठवावं असं त्यानं काही केलंही नाही. बोलण्याआधी दर वेळी तो चष्मा पुसायचा आणि आमच्याकडं असा बघायचा, जणू मशीनला झालेला रोग आम्हीच.

आल्या आल्या त्यानं एका पेशंटचं नाव शोधलं. पाच मिनिटं गेली. मग तासभर कीबोर्ड बडवून त्यानं मोठ्या साहेबांसमोर तेच नाव पुन्हा टाकलं. रेकॉर्ड झटक्यात उघडला. साहेब खूश! अहो, एकदा काढून टेबलावर ठेवलेली फाईल दुसऱ्यांदा लगेच सापडणारच की. एवढं मला कारकुनालाही कळत होतं.

रांगेत मोडनिंबहून आलेल्या एक मावशी होत्या. "आता माजं नाव टाका की," त्या म्हणाल्या.

टाकलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. तज्ज्ञानं चष्मा पुसला. "तुमचं नाव सिस्टीमला नवीन आहे."

"नवीन? सात वर्सं हितंच येतीय की मी!"

त्यानं 'काम समाधानकारक' असं छापलेला कागद पुढं केला. साहेबांनी माझ्याकडं बोट दाखवलं. चक्र अजून फिरतच होतं. मी सही केली.