मिशी उतरली तो दिवस

ओली तुरटी ओठाला लागली की बदनापूर स्टेशनाजवळची ती खोली आठवते. निजामाचं राज्य होतं. हसनाबादहून नोकरीला नवाच आल्तो, ओळखीचं कुणी न्हाई. गावात दाढी न्हावीमामा करायचे. इथं वस्तरा विकत आणला, तुकड्याएवढ्या आरशासमोर बसलो आणि हात घसरून अर्धी मिशीच गेली. मंग उरलेलीही काढली. कापलेल्या ओठावर तुरटी चरचरत होती.

बाप असताना आमच्याकडं मिशी काढत न्हाईत. बाहेर आलो तर शेजारचे काका दचकले.

"कधी गेले रं वडील?" म्हणत त्यांनी खांद्यावर हात ठेवला. काकू लगेच पिठलं-भाकरी घेऊन आल्या. दोघं जवळ बसले. त्या गावात माझ्याजवळ कुणी बसायची ती पहिलीच वेळ.

"वडील खुशाल हायेत, काका. वस्तरा निसटला."

"असं व्हय! मंग जल्दी वाढव बाबा," काका हसले. भाकरी ठेवून दोघं निघून गेले.

पुढं मी पुण्याला राहायला गेलो आणि मंग वडील खरंच गेले. गावी दिवस करून, मिशी उतरवलेल्या उघड्या ओठानं मी पुण्याला परतलो. जिन्यात शेजारी भेटले. म्हणाले, "वा, तरुण दिसताय!"