कमलची शपथ

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. नवऱ्यापुढे नाही — चाळीस वर्षं संसार केला त्या माणसानं माझ्याशी आणि काही न कळताच गेला. लेकीपुढे तर नाहीच. देवापुढे? त्याला ठाऊक असणारच, म्हणून तिथेही मी गप्प. मग आता तुमच्यापुढे का, म्हणाल. तर गेल्या आठवड्यात माझं फार कौतुक झालं, आणि ते मला पचलं नाही.

इथे अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला मी लेकीकडे असते. नात रिया, सात वर्षांची. शनिवारी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता, त्यात तिचा नाच. गुरुवारी शाळेतून आली आणि माझ्या कुशीत शिरून कुजबुजली, "आजी, माय थ्रोट हर्ट्स. पण डोन्ट टेल मम्मा, प्रॉमिस?" बाहेर ऑक्टोबरातही अंगाची लाही होत होती आणि मी अशी थंडगार. तिच्यादेखत लेकीला फोन लावला, मीटिंगमधून उठवलं, तासाभरात पोरीला अर्जंट केअरला नेऊन बसवलं. साधंच दुखणं निघालं, औषधानं उतरलं. नाच तेवढा कॅन्सल झाला. रिया दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि लेक मात्र फोनवर सगळ्यांना सांगत सुटली — आई होती म्हणून कळलं! मग काय, भेटेल तो म्हणतोय, "काकू, तुमचं लक्ष असतं हं." अहो, नका ना म्हणू असं. पण हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

एकाहत्तरच्या लढाईत माझे वडील गेले. तार आली, महिनाभर घर माणसांनी भरलं, मग रिकामं झालं. सासरच्यांनी आईला सांगितलं, तू राहा, पोरीचं बघ कुठेतरी. आईनं सासर सोडलं, एका शाळेत शिपाई म्हणून लागली, आणि मला सातारच्या बाजूला मुलींच्या एका आश्रमात ठेवलं. आम्ही सगळ्या तशाच — कुणाचा बाप सीमेवर गेलेला, कुणाचा दवाखान्यात. लढाई संपून गेली होती म्हणे. आमच्याकडे ती रोज जेवायला बसायची. टपालवाला फाटकाशी दिसला की साठ मुली एकदम गप्प व्हायच्या.

आश्रमाची एक पद्धत होती. प्रत्येक लहान मुलगी एका मोठीच्या हवाली. तिची वेणी, तिचे कपडे, तिचं ताट — सगळं मोठीनं बघायचं. मी अकरा वर्षांची. माझ्या हवाली कमल होती, सहा-सात वर्षांची, सुकलेली, मोठ्या कानांची. आई तिची आधीच गेलेली, बाप लढाईत. मामा एकदा आश्रमात सोडून गेला तो परत फिरकला नाही. ती मला ताई म्हणायची आणि माझ्या पदराला — पदर कसला, फ्रॉकच्या नाडीला धरून हिंडायची. मी तिच्यावर खेकसायची. पण माया होती हो. होती ना? आता मलाच खात्री वाटत नाही.

दिवाळीला सहा दिवस घरी सोडायचे. वर्षातून तेवढेच. मी भिंतीवर खडूनं रेघा मारून दिवस मोजत होते. पण आदल्या वर्षी गोवरची साथ झाली होती, तेव्हापासून आश्रम चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी नियमच केला — एका खोलीत एकीला ताप आला, की ती सगळी खोली अडकली. कुणीही घरी जायचं नाही.

निघायच्या दोन दिवस आधी कमल म्हणाली, ताई, गिळताना दुखतंय. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

मला काय वाटलं, सांगू? काळजी वाटली असं म्हणायला आवडलं असतं. मला राग आला. हिला कुठे जायचंय, हिच्यापायी माझी आई तिकडे एसटी स्टँडवर वाट बघत बसणार — हे वाटलं. आणि मी तिला शपथ घातली.

तुम्हीही लहानपणी घातली असेल. गळ्याची कातडी दोन बोटांत धरायची, गळ्याशप्पथ म्हणायचं. ज्याच्या गळ्याची शपथ, तो शपथ मोडली की मरतो. आणि जिनं घातली ती 'सुटली' म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मी तिची बोटं माझ्या गळ्याला लावली. माझी शपथ, म्हटलं. कुणाला बोललीस तर मी मरेन. जिचे आई, बाप दोघं एकेका वाक्यात मेले होते, त्या पोरीला मी हे सांगितलं. तिनं लगेच मान डोलावली.

पुढचं सगळं मी नीट, हुशारीनं केलं. तिला भाकरी गिळवेना, तर तिची भाकरी मी खाल्ली, ताट रिकामं दिसावं म्हणून. सकाळी बाई दारात उभ्या राहून एकेकीच्या कपाळाला उलटा हात लावायच्या — त्याआधी मी ओलं फडकं तिच्या कपाळावर दाबून धरलं, मग कोरडं पुसलं. बाईंचा हात आला आणि पुढे गेला. कमल माझ्याकडे बघून हसली. जिंकल्यासारखी.

आम्हाला फाट्यावर न्यायला माणूस आला तेव्हा ती फाटकापर्यंत मागे आली. आवाज बसला होता तिचा. मान जाडसर दिसत होती — मी पाहिली होती, बरं का, नाही पाहिली असं म्हणणार नाही. तिनं दोन बोटांनी स्वतःचा गळा धरला आणि म्हणाली, "ताई, सुटली म्हण ना."

एक शब्द होता. पण एसटी अजून यायची होती. आत्ता सोडवली आणि ही आत जाऊन बोलली, तर आम्हाला फाट्यावरून परत बोलावतील. म्हणून मी म्हटलं, आल्यावर म्हणते.

घरी सहा दिवस काय केलं? चकल्या खाल्ल्या. आईच्या अंगाला चिकटून झोपले. एखाददुसऱ्या वेळी कमल आठवायची, मग मी आईला आणखी बिलगायची.

परत आले तेव्हा कमलची गादी गुंडाळून उन्हात टाकली होती. घटसर्प, असं मोठ्या मुली कुजबुजत होत्या. सुट्टीच्या चौथ्या दिवशी गेली. डॉक्टर आला होता, पण फार उशीर केलात म्हणाला.

सुट्टीत आश्रमात एकट्या गंगूमावशी होत्या. आश्रमातल्या आयाबाई, त्याही विधवाच, मायाळू बाई. त्यांनी मला नळापाशी गाठलं. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "विचारून विचारून थकले गं. कधीपासून दुखतंय सांग बाळा, म्हटलं. तर नुसती म्हणायची, शपथ आहे. कुणाची ते सांगेना. तोंड मिटून घ्यायची. तू तिची ताई — तुला काही बोलली होती का?"

मी नाही म्हटलं.

मग मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. जाताना पोरीला काही होत होतं का? मी म्हटलं, नाही बाई, चांगली जेवत होती. ताट रिकामं असायचं. हे बाईंनीही पाहिलेलं होतं, त्यामुळे ते खरं धरलं गेलं. राहिल्या गंगूमावशी. दुखणं सुट्टीत सुरू झालं, यांनी लक्ष दिलं नाही, वेळेवर कळवलं नाही — असं ठरलं. मला वाटतं गंगूमावशींना ते पटलंही असावं. चार दिवसांनी त्यांना जायला सांगितलं.

त्या निघाल्या तेव्हा आम्हाला व्हरांड्यात रांगेत उभं केलं होतं, नमस्कार करायला. बाई समोर होत्या. तोंड उघडायला मला तेव्हाही वेळ होता, भरपूर वेळ होता. गंगूमावशी एकेकीच्या डोक्यावरून हात फिरवत आल्या. मी रडत होते — भीतीनं, दुसरं काही नाही. माझ्यापाशी थांबल्या, ओच्यानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "तू नको गं रडू. तू तर इथे नव्हतीसच."

मी मान डोलावली. हो, म्हटलं.