पूर्वजाची वाढती जखम

संक्रांतीला आमच्या घरी तिळगूळ दुपारपर्यंत डब्यातच राहायचा. दिल्लीतल्या मराठी मंडळींची बस त्या दिवशी पानिपतला, काला अंबला जायची. तिथल्या स्मारकापुढे डोकं टेकल्याशिवाय बाबा कुणाला तीळसुद्धा तोंडात टाकू देत नसत. केंद्र सरकारातली नोकरी. कागद तपासल्याशिवाय सही न करणारा माणूस. पण सोनीपत मागे पडलं की तोच माणूस बिनपुराव्याचं बोलू लागे.

आमचे एक पूर्वज म्हणे त्या लढाईत होते. घोड्यांच्या चाऱ्यावर देखरेख करायचे. घोडा उपासमारीनं मेला, मांडीत भाला घुसला, तरी लगाम खांद्यावर टाकून गडी चालत गावी पोचला. बाबा दरवर्षी तिखटमीठ लावायचे, त्यामुळे जखमही वाढायची. मी दहावीत असताना ती गुडघ्यापर्यंत आली होती.

पुढे मी दिल्लीतच, द्वारकेतल्या एका शाळेत इतिहास शिकवू लागले. मग तर मला जोरच चढला. "कशावरून, बाबा? तो लगाम कुठाय?" बसमध्ये मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणे, "बिल्कुल! काका, प्रूफ तो चाहिए!" बाबा चिडायचे. "अगं, माझ्या बाबांनी सांगितलंय. आणखी काय पाहिजे?" शिकल्यासवरल्या माणसानं असं बोलावं याचा मला खरोखर राग यायचा.

गेल्या वर्षी आजारपणात बाबांच्या डोक्यातलं बरंचसं पुसलं गेलं. संक्रांतीला मी त्यांना टॅक्सीनं घेऊन निघाले. निदान तेवढी गोष्ट तरी शिल्लक असावी, एवढीच माझी आशा होती. सोनीपत मागे पडलं. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी जखम खांद्यापर्यंत नेली असती, तरी मी हूं की चूं केलं नसतं.

स्मारकापुढे त्यांनी सवयीनं डोकं टेकलं. मग मला विचारलं, "इथे आपलं कुणी होतं का?"

मला रडू आलं. ते आवरून मी म्हटलं, "होते ना." आणि सगळं सांगितलं. घोडा, भाला, लगाम. जखम गुडघ्यापर्यंतच ठेवली. वाटेत एका बाईनं त्यांना भाकरी दिली, हे मात्र माझ्या पदरचं.

बाबांनी ऑफिसातल्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं. "कशावरून?"

"माझ्या बाबांनी सांगितलंय."

"मग असेल," बाबा म्हणाले, आणि तिळगुळासाठी हात पुढे केला.