फळीचं दुसरं टोक

ओहायोतले आमचे शेजारी, रिटायर्ड इंजिनिअर काका, घरामागचा कुजलेला लाकडी डेक एकट्याने नव्याने बांधत होते. फळी कापण्याआधी ते माप मोठ्याने मराठीत म्हणत आणि पुन्हा टेप लावत. एका शुक्रवारी कुंपणाशी येऊन म्हणाले, “उद्या जरा फळीचं दुसरं टोक धरशील का?”

“उद्या मीटिंग आहे, काका.”

शनिवारी कसली मीटिंग, हे त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते एक टोक खुर्चीवर टेकवून दुसरं खांद्याने उचलताना दिसले. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

डेक झाल्यावर त्यांनी चहाला बोलावलं. पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणाले, “हा शेजारी होता, म्हणून एकट्याने करायचा धीर झाला.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.